चूक एकच, राग मात्र वेगळा

या वेळी तीन पत्रं निवडली आहेत. तिन्ही वेगवेगळ्या गावांतून आलेली, पण ओवायला धागा एकच लागला.

प्रश्न : आमच्या गावात प्रवासाची तिकिटं काढून देणारे दोघे जण आहेत. पहिल्याच्या टेबलावर फायलींचा ढीग, चहाचे उष्टे कप, भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर. त्याने माझ्या तिकिटावर तारीख चुकवली, तेव्हा मी दुकानात उभी राहून त्याला नाही नाही ते बोलले. मग दुसऱ्याकडे जाऊ लागले. त्याचं ऑफिस लखलखीत, टेबलाच्या काचेवर बोटाचा ठसा नाही. सहा महिन्यांनी त्यानेही तारीखच चुकवली. मी म्हटलं, "असू दे, होतं कधी कधी." घरी आल्यावर मुलगी म्हणाली, "आई, चूक तर तीच होती. मग त्या काकांनाच का एवढं झापलंस?" मला उत्तर देता आलं नाही. माझ्याकडून अन्याय झाला का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या मुलीचा प्रश्न एका अमेरिकन प्राध्यापक बाईंनाही पडला होता आणि योगायोग असा, की उत्तर शोधायला त्यांनीही ट्रॅव्हल एजंटच निवडला. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मेरी जो बिटनर यांचा हा प्रयोग १९९० साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये छापून आला. विमानतळावरच्या प्रवाशांना त्यांनी एक गोष्ट वाचायला दिली. एका गिऱ्हाइकाच्या तिकिटात ट्रॅव्हल एजंटाकडून घोळ होतो, अशी ती गोष्ट. सोबत एजंटाच्या ऑफिसचा फोटो. काहींना मिळाला तो टापटीप ऑफिसचा, काहींना पसाऱ्याचा. घोळ तोच, एजंट तोच. पण पसारा पाहिलेल्या मंडळींना जास्त करून असं वाटलं, की हे या एजन्सीचं नेहमीचंच असणार आणि पुन्हाही होणार. टापटीप पाहिलेल्यांनी तीच चूक बऱ्याच उदारपणे घेतली. म्हणजे तुमचं "होतं कधी कधी" त्यांच्याही तोंडी होतं.

हे असं का होतं, ते बाजारात पाहू. नारळ आपण कानाशी धरून हलवतो, कलिंगडावर टिचकी मारतो, तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन दाताखाली घालतो. वस्तू स्वतःबद्दल बोलते. पण तिकीट काढणाऱ्याची काळजी, वकिलाची हुशारी, दातांच्या डॉक्टरचा हात यांवर टिचकी मारायची कुठे? काम झाल्यावरच ते कळतं, आणि काही कामं तर झाल्यावरही कळत नाहीत. दाताच्या आत काय भरलं, हे आपल्याला कधी दिसणार? मग डोळा जे दिसतं त्याच्याकडे वळतो: टेबल, भिंत, पडदा, कॅलेंडर. मार्केटिंगच्या शास्त्राने १९८१ मध्ये याला रीतसर जागा दिली. बर्नार्ड बूम्स आणि याच बिटनर यांनी सेवाधंद्यांसाठी मार्केटिंगच्या जुन्या चार 'पी'ना (इंग्रजी 'पी'ने सुरू होणाऱ्या घटकांना) आणखी तीन जोडले: माणसं, कामाची पद्धत आणि डोळ्यांना दिसणारा पुरावा. त्यातला 'पुरावा' हा शब्द मला फार नेमका वाटतो. सगळं सुरळीत चाललेलं असतं तोवर त्या फायलींकडे कोण बघतो? चूक झाली, की खटला उभा राहतो आणि फायलींचा ढीग न बोलावता साक्षीला येतो.

आणि हा साक्षीदार माणसाचा चेहरासुद्धा बदलतो. १९५६ साली अब्राहम मास्लो आणि नॉर्बेट मिंट्झ यांनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काहींना देखण्या, सजवलेल्या खोलीत बसवून, काहींना सरासरी खोलीत, तर काहींना अडगळीच्या खोलीसारख्या कळकट जागेत. चेहरे सगळ्यांना तेच. तरी देखण्या खोलीतल्यांना ते अधिक टवटवीत आणि समाधानी वाटले, कळकट खोलीतल्यांना थकलेले, त्रासलेले. तेव्हा त्या पहिल्या काकांचा चेहरा तुम्हाला त्या दिवशी जरा आडमुठा वाटला असेल, तर त्यात थोडा हात त्यांच्या कॅलेंडरचाही होता.

गंमत अशी, की हे आपल्यावर घडतंय याचा आपल्याला पत्ता नसतो. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केटात वाइनच्या फळीजवळ एक दिवस फ्रेंच, एक दिवस जर्मन संगीत आलटून पालटून लावलं गेलं. हा प्रयोग १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये आला. फ्रेंच सुरांच्या दिवशी फ्रेंच वाइन जास्त खपली, जर्मन सुरांच्या दिवशी जर्मन. वाइन घेतलेल्यांना विचारलं, तर बहुतेक म्हणाले, छे, गाण्याचा काय संबंध! तुम्हालाही कुणी त्याच दिवशी विचारलं असतं, तर तुम्हीही "तारीख चुकली म्हणून रागावले" असंच सांगितलं असतं, आणि ते खोटं बोलणंही नसतं.

आपल्या व्यापाऱ्यांना हे कळायला कुठल्या नियतकालिकाची गरज पडली नाही. जुन्या पद्धतीची एखादी सराफाची पेढी आठवा. पायरीशी चपला काढायच्या. आत पांढरीशुभ्र गादी, भिंतीला लोड. गादीवर एकदा मांडी घातली, की उभ्या उभ्या चौकशी करून सटकण्याचा विषय संपतो. चहा येतो. गुलाबी कागदाची घडी उलगडते आणि दागिना समोर येतो. तराजू काचेच्या पेटीत, कारण पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा पारडं हलायला नको. गादीवरची चादर पांढरी, कारण हातातून निसटलेला मणी तिच्यावर लगेच दिसतो. आता नीट बघा: काच आणि चादर दोन्ही कामाच्या आहेत. काम करता करता त्या गिऱ्हाइकाला सांगतातही, की इथे गुंजभर चूकसुद्धा खपत नाही. मी याला 'राबणारा पुरावा' म्हणतो.

दुसरा पुरावा नुसता शोभेचा. संगमरवरी फरशी, दाराशी कारंजं, आपोआप उघडणारी काच, गणवेशातला दरवान. याने काम चांगलं होतं असं नाही, फक्त आपण पाघळतो. शोभा वाईट नाही, पण तिच्यावरून निर्णय घेतला की फसगत होते. पतसंस्थेचं उदाहरण घ्या. नवी इमारत, गार हवा, काउंटरवर हसऱ्या मुली. बँकेसारखीच दिसते, म्हणून आयुष्यभराची पुंजी तिथे ठेवणारे लोक आहेत. पण बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक का असेना, डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचा विमा असतो. २०२० पासून त्याची मर्यादा ५ लाख रुपये आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. हा फरक त्या काचेच्या दरवाजावर लिहिलेला नसतो, तो विचारावाच लागतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. अन्याय झाला का? अर्धा झाला. अर्धा नाही, कारण तुमच्या पहिल्या एजंटाच्या बाबतीत पसारा हा संबंध असलेला पुरावा होता. तारखांचं काम करणाऱ्याच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं कॅलेंडर म्हणजे शिंप्याकडे फाटकी टेप. तिथे शंका येणं रास्तच. पण दुसऱ्याला तुम्ही जी माफी दिलीत, ती त्याच्या टेबलाच्या काचेला दिलीत. चकचकीत काच तारीख तपासत नाही. दोघांनाही एकाच कसोटीवर घासायचं, तर विचारा: चूक कळल्यावर कोण काय बोललं? कुणी कारण सांगितलं, कुणी पदरचे पैसे घालून नवं तिकीट काढून दिलं, कुणी "मशीनमधूनच तसं आलं" म्हणून हात वर केले? बिटनर यांच्या प्रयोगातही एजंट नीट खुलासा करतो का, भरपाई देऊ करतो का, यावरून लोकांचं मत बदलताना दिसलं. मुलीला हे सांगा. आणि पहिल्या काकांना या दिवाळीत एक नवं कॅलेंडर भेट द्या. बोलण्याचीही भरपाई होईल.

प्रश्न : दुकान चकचकीत केलं की गिऱ्हाईक वाढतं, असं सगळे म्हणतात. पण आमच्याकडे गारेगार हॉटेलात मिसळ मागवली की मन लागत नाही. लाकडी बाक, धुराने काळवंडलेली भिंत, कढईतून चढणारा तिखटाचा ठसका, हे असेल तिथेच रांग लागते. मग जागेचा आणि मताचा संबंध नक्की कसा लावायचा?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : संबंध आहेच, फक्त तो श्रीमंतीशी नाही. जागा आणि काम यांचा मेळ बसतो का, हे आपण बघत असतो.

माझ्या घराजवळ पिठाची गिरणी आहे. तिथे पंखा पांढरा, दिवा पांढरा, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या. कोळिष्टकांवरसुद्धा पीठ. तरी तिला घाणेरडी म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही, कारण गिरणीत पीठ उडणारच. आम्ही बघतो ते वेगळंच. डबे आले त्या क्रमाने ओळीत आहेत का? झाकणावरची नावाची चिठ्ठी जागेवर आहे का? गव्हानंतर ज्वारी घालताना तो आधीचं पीठ झटकून घेतो का? मसाल्याचं यंत्र पलीकडे, वेगळं आहे ना? आणि शेवटी, दळण पडत असताना तो चिमूटभर पीठ अंगठा आणि बोटामध्ये चोळून बघतो की नाही. तो बघतो. ते बोट चोळणं एवढ्या वर्षांत चुकलेलं मी पाहिलं नाही, आणि गिरणीबद्दलचं माझं सगळं मत त्या दोन बोटांत आहे. उद्या त्याने भिंतींना टाइल्स लावल्या, तर मी कदाचित विचारेन, "दळणाचे दर वाढले काय हो?"

तुमच्या मिसळीचं तसंच. काळवंडलेली भिंत सांगते, की इथे रोज चूल पेटते आणि कट घरचाच आहे. गारेगार हॉटेलातली बंद दारं काहीच सांगत नाहीत. जे बनतंय ते डोळ्यांसमोर बनणं, याची किंमत मोठी आहे. रसवंतीगृह बघा. तुमच्यासमोर ऊस सोलला जातो, चरकात जातो, दुमडून पुन्हा जातो, आलं-लिंबाचा तुकडा त्यातच. आणि चाकाला बांधलेली घुंगरं छुमछुमत असतात. ती बैलाच्या चरकाची आठवण असं सांगतात. बैल गेले, घुंगरं राहिली, आणि रस्त्यावरच्याला दुरूनच सांगत राहिली, की ताजा रस निघतोय. घुंगरं मुकी झाली, की समजावं चरक थांबला.

या उघडेपणावरही प्रयोग झाले आहेत. हार्वर्डचे रायन ब्युएल आणि सहकाऱ्यांनी एका कॅफेटेरियात स्वयंपाकी आणि जेवणारे यांना पडद्यावरून एकमेकांना दिसतील अशी सोय केली. दोघे एकमेकांना दिसू लागले, तेव्हा खाणाऱ्यांना जेवण जास्त चांगलं वाटलं आणि काम लवकरही उरकू लागलं. म्हणजे गिऱ्हाइकाची नजर स्वयंपाक्यालाही चार्ज करते. मुंबईच्या इराण्यांनी हे काम आरशांकडून करून घेतलं. संगमरवरी टेबलं, लाकडी गोल पाठीच्या खुर्च्या आणि भिंतीभर आरसे. गल्ल्यावरच्या शेठला बसल्या जागी सगळी टेबलं दिसायची, वेटरलाही ते ठाऊक असायचं, आणि जागा दुप्पट मोठी भासायची ती वेगळीच. भिंतीवरच्या नियमांच्या पाटीची तर गोष्टच निराळी. अशा एका पाटीवरून निसिम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. पाटीवर 'हे करू नका, ते करू नका' असं कितीही असलं, तरी इराण्याकडे चहावर तासभर बसलेल्याला उठवत नसत. लोकांनी पाटी वाचली, हसले आणि जागेच्या वागण्यावर विश्वास ठेवला.

एक मात्र सांगून ठेवतो. कळकटपणाचीही फॅशन होते. हल्ली मुद्दाम जुनाट दिसणारे बाक, कंदील आणि बैलगाडीचं चाक टांगून 'अस्सल' दुकानं उघडतात. तोही शोभेचाच पुरावा, फक्त उलट्या बाजूने नेसलेला. आणि खऱ्या काळवंडलेल्या भिंतीमुळे पिण्याचं पाणी स्वच्छ ठरत नाही. म्हणून भिंतीकडे बघताना तिच्यावर एफएसएसएआयचा १४ आकडी क्रमांक लावलाय का तेही बघा. आणि वेळ मिळाला, तर जिथे ताटल्या विसळतात त्या मोरीकडे एक नजर टाका. मिसळीची भिंत काळी असलेली चालेल, मोरी नाही.

प्रश्न : मी तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना सुरू केला आहे. दहा बाय बाराचा भाड्याचा गाळा, मध्ये प्लायवूडची भिंत. शहरातल्या चेनच्या दवाखान्यासारखं इंटीरियर करायला पैसे नाहीत. कर्ज काढून करावं का? पेशंट जागा बघूनच ठरवतात, असं सगळे सांगतात.
— एक तरुण डॉक्टर, मराठवाडा

उत्तर : डॉक्टर, कर्ज काढण्याआधी एक करा. दवाखाना बंद झाल्यावर तुमच्या त्या खुर्चीत पेशंटसारख्या आडव्या व्हा आणि दहा मिनिटं पडून राहा.

काय दिसतं? छत. तुमच्याकडे येणारा माणूस फरशी, पडदे, काउंटर पाच मिनिटं बघतो, पण छत पाऊण तास बघतो, तोंड उघडं, हात घट्ट आवळलेले, दुसरं काही करायला नसताना. तिथे पावसाळ्यात आलेल्या ओलीचा डाग असेल, पंख्याच्या पात्यावर धूळ असेल, तर तुमची पदवी, तुमचा हात, तुमचं मशीन यांच्याबद्दलचं त्याचं मत तो डाग लिहितोय. शहरातल्या चेनने लाखो रुपये घातलेत ते बहुधा स्वागतकक्षात.

बिटनर यांनी १९९२ च्या लेखात सेवेच्या जागेला 'सर्व्हिसस्केप' म्हटलं आणि तिचे तीन भाग केले. तुमच्या गाळ्याला ते लावून बघू.

पहिला भाग हवा, उजेड, आवाज आणि वास. तुमचा मोठा शत्रू इथे आहे: प्लायवूडच्या भिंतीपलीकडून बाहेर बसलेल्यांना ऐकू येणारा ड्रिलचा आवाज. आतल्याला बधिर केलेलं असतं, बाहेरच्याचा दात मात्र आधीच ठणकू लागतो. त्या भिंतीत भरपूर कापूस, थर्माकोल काय सुचेल ते भरू नका, सुताराला विचारून आवाज अडवणारा थर घालून घ्या. खर्च करायचाच, तर इथे. लवंगेच्या तेलाचा वास राहिला तर राहू दे, दातांच्या दवाखान्यात तो शोभतो.

दुसरा भाग मांडणी. पेशंटला कळेल अशा ठिकाणी तुमचा राबणारा पुरावा ठेवा. निर्जंतुक केलेल्या हत्यारांची पाकिटं तुम्ही आतल्या टेबलावर, पाठमोऱ्या होऊन फोडत असाल. समोर फोडा. पाकिटावरची खूण उष्णतेने रंग बदलते, ती दाखवा आणि एका वाक्यात सांगा. कुठल्याही इंटीरियरवाल्याला हा परिणाम साधता येणार नाही, आणि याचा खर्च शून्य.

तिसरा भाग पाट्या आणि खुणा. 'चपला बाहेर काढाव्यात', 'फी आधी भरावी', 'मोबाइल बंद', अशा चार पाट्या एकाखाली एक असतील, तर दुखऱ्या गालाने आलेल्या माणसाचं स्वागत दटावणीने होतं. एक ठेवा, बाकी काढा. त्या जागी तुमचा नोंदणी क्रमांक आणि नेहमीच्या कामांचे दर मोठ्या अक्षरांत लावा. आणि थांबायला लागणार असेल, तर किती वेळ, ते सांगा. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिताना सांगितलं, की कारण आणि वेळ न कळता थांबणं जास्त लांब वाटतं. "वीस मिनिटं लागतील, आत दाढ काढतेय" एवढं म्हटलं, तर जुनी मासिकं बदलली नाहीत तरी चालेल. बदललीत तर उत्तम, अर्थात.

आणखी एक गोष्ट, जी सगळे विसरतात. तुमची मदतनीस मुलगी दिवसभर बसते कुठे? मघाशी सांगितलेल्या मास्लो-मिंट्झ प्रयोगाचा एक पुढचा भाग होता. फोटो दाखवण्याचं काम करणारे जे दोघे रोज त्या खोल्यांत बसत होते, त्यांच्यावरही मिंट्झ यांचं लक्ष होतं. कळकट खोलीत पाळी आली, की त्यांचं डोकं दुखे, चिडचिड होई आणि ते काम लवकर उरकून बाहेर पडत. पेशंट पाऊण तास असतो, ती मुलगी आठ तास. फोनवर तिचा आवाज कसा येतो, हे तिच्या स्टुलावर आणि डोक्यावरच्या उजेडावर बरंच अवलंबून आहे. पाठ टेकायला खुर्ची आणि एक खिडकी, एवढं तिला द्या.

तेव्हा कर्ज नको. गवंडी बोलवा, ओल कुठून येते ते बघा, ती बंद करा आणि मगच छताला चुना लावा. पेशंटला लावायची वेळ येणार नाही.